यंत्र आणि निरूपण

विद्वान् मनुष्यानें लोकांपुढें येऊन बोलावें कीं आपल्या अभ्यासिकेंत बसून मुकाट्यानें काम करावें, हा वाद जुना आहे व त्याचा निकाल अजून लागलेला नाहीं. "उथळ पाण्याला खळखळाट फार" ही म्हण आमच्या कानांवर लहानपणापासून पडत आली असल्यामुळें, बोलक्या पंडिताविषयीं सुशिक्षित घरांतून एक प्रकारचा संशय मुरलेला असतो. एखादा शास्त्रज्ञ वारंवार दूरचित्रवाणीवर दिसूं लागला, कीं "यांना प्रयोगशाळेंत कांहीं काम नाहीं काय?" असें कोणी तरी विचारतोच. या संशयांत सत्याचा अंश किती व मत्सराचा किती, हें तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर एका घरगुती प्रसंगानें आली. म्हणून प्रथम तो प्रसंग सांगून मग मूळ प्रश्नाकडे वळतों.

आमचे एक मामा वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं घेरी येऊन पडले. हृदयाचे ठोके फार मंद पडत असल्याचें आढळलें आणि डॉक्टरांनीं त्यांस पेसमेकर बसविला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशीं घरीं सोडतांना यंत्राचा क्रमांक असलेलें एक कार्ड व एक इंग्रजी पुस्तिका त्यांच्या हातीं देण्यांत आली. मामांचा जन्म हिशेबनिसाच्या कामांत गेलेला; समजल्यावांचून कशावरहि सही करावयाची नाहीं हा त्यांचा बाणा. त्यांनीं चार प्रश्न विचारले. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशांत ठेवावा कीं नाहीं? स्वयंपाकघरांत मिक्सर चालू असतां जवळ जावें कीं नाहीं? आंतली बॅटरी संपली म्हणजे काय होतें? आणि आपण गेल्यावर हें यंत्र शरीराबरोबर जाळावयाचें कीं काढून घ्यावयाचें? शेवटच्या प्रश्नानें खोलींतले सर्वजण अवघडले. उत्तर मिळालें तें चारी प्रश्नांस मिळून एकच : "काका, तुम्ही कसलीहि काळजी करूं नका. आराम करा."

काळजी करूं नका असें सांगितल्यामुळें ज्याची काळजी गेली, असा मनुष्य आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं. मामांनीं रेडिओ लावणें सोडलें. मिक्सर सुरू झाला कीं ते गच्चीवर जाऊन उभे राहात. डाव्या हातानें पाण्याचा तांब्यासुद्धां उचलीनात. छातींतलें यंत्र बिनचूक चाललें होतें, पण ज्याच्यासाठीं तें बसविलें तो माणूस घरच्या घरीं कैदेंत पडला होता.

तीन महिन्यांनीं तपासणीस गेलों, तेव्हां यंत्र तपासणारी एक तरुण मुलगी भेटली. मामांनीं आपले चार प्रश्न पुन्हां मांडले. तिनें खण उघडून एक जुना, वापरून काढलेला पेसमेकर त्यांच्या तळहातावर ठेवला व म्हणाली, "आजोबा, आधीं हा धरून तर पाहा." मामांनीं तो उलटासुलटा करून पाहिला. खिशांतल्या घड्याळाहूनहि हलका. मग तिनें एकेक उत्तर दिलें. मोबाइल यंत्रापासून वीतभर दूर ठेवावा व उजव्या कानाला लावावा. मिक्सर अंगाशीं घेऊन बसूं नये, हातभर अंतरावरून खुशाल चालवावा. बॅटरी एकाएकीं संपत नाहीं. तिचा जोर उतरूं लागला कीं कित्येक महिने आधीं तपासणींत कळतें, आणि डबी सीलबंद असल्यामुळें नुसती बॅटरी न बदलतां सबंध डबीच बदलतात. तांब्या उचलण्यास आतां कांहींच हरकत नाहीं. उलट हात न हालविल्यानें खांदा मात्र धरेल. शेवटच्या प्रश्नालाहि तिनें बगल दिली नाहीं. "होय आजोबा, दहनापूर्वीं काढावा लागतो. बंद बॅटरी उष्णतेनें फुटते. घरच्यांना सांगून ठेवा." मामा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "बाळ, हें मला पहिल्याच दिवशीं कोणी कां सांगितलें नाहीं?" त्या मुलीपाशीं याचें उत्तर नव्हतें. त्या संध्याकाळीं मामांनीं रेडिओ लावला.

हा प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्यानें आमच्या मनांत जो प्रश्न उभा केला तो क्षुल्लक नाहीं. माणसाच्या शरीरांत घालण्याचें यंत्र जो घडवितो, त्याचें काम यंत्र चालूं लागलें म्हणजे संपतें काय? कीं तें यंत्र ज्याच्या शरीरांत राहावयाचें त्याच्या बुद्धींत उतरविणें, हाहि त्या कामाचाच भाग आहे? वरवर पाहतां यंत्रसंशोधन व लोकशिक्षण हे दोन निराळे व्यवसाय दिसतात. हे दोन्ही एकाच मनुष्यानें आयुष्यभर केल्याचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांत होऊन गेलें आहे. त्याचा विचार केल्यास आमच्या प्रश्नावर कांहीं प्रकाश पडेल असें वाटतें.

हाइन्झ वुल्फ यांचा जन्म १९२८ सालीं बर्लिन येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. हिटलरच्या राजवटींतून निसटून हें कुटुंब इंग्लंडांत पोहोंचलें तो दिवस ३ सप्टेंबर १९३९, म्हणजे इंग्लंडानें जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें तोच दिवस. अकरा वर्षांचा मुलगा, भाषा परकी, आणि जिभेवर शत्रुराष्ट्राचा उच्चार. हा उच्चार पुढें जन्मभर त्यांच्या इंग्रजींत राहिला व लाखों प्रेक्षकांस तोच त्यांची ओळख वाटूं लागला. ऑक्सफर्ड येथें शालेय शिक्षण झाल्यावर ते तेथील रॅडक्लिफ रुग्णालयांत रक्ताचा अभ्यास करणाऱ्या विभागांत कामास लागले, आणि विद्यापीठाची पदवी हातीं नसतांना त्यांनीं रक्तांतील पेशी मोजण्याचें यंत्र तयार केलें. तेथून ते कार्डिफजवळ, खाणींतील धुळीनें होणाऱ्या फुप्फुसरोगाच्या संशोधन केंद्रांत गेले. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत शिकून १९५४ सालीं राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेंत रुजू झाले. 'बायोइंजिनिअरिंग', म्हणजे जीव-अभियांत्रिकी, हा शब्द त्याच सुमारास त्यांनीं प्रचारांत आणला असें मानण्यांत येतें.

त्या संस्थेंत त्यांनीं केलेल्या कामाचा एक विशेष आम्हांस फार बोलका वाटतो. काम करतांना माणसाची किती शक्ति खर्च होते हें मोजावयाचें, तर त्यानें उच्छ्वासिलेली हवा मोजावी लागते. पूर्वीं याकरितां पाठीवर मोठी पिशवी बांधून तोंडांत नळी धरावी लागे. असें सोंग घेऊन कोणता मजूर आपलें रोजचें काम रोजच्यासारखें करील? वुल्फ यांनीं १९५८ सालीं श्वास मोजणारें सुटसुटीत यंत्र प्रसिद्ध केलें. पुढें त्यांच्या विभागांत हृदयाचे ठोके दीर्घकाळ मोजणारें एक लहानसें यंत्र झालें. तें अंगावर वागवून मनुष्य आपल्या उद्योगाला जाऊं शके. या यंत्राला नांव दिलें तें असें : 'चारचौघांत वावरतांना चालेल असें मापनयंत्र'. शास्त्रीय उपकरणाच्या नांवांतच वापरणाऱ्याची लाज जमेस धरलेली आम्हीं तरी अन्यत्र पाहिलेली नाहीं. मोजावयाचें यंत्र जर माणसाला लाजवूं लागलें तर तो नेहमींप्रमाणें वागत नाहीं, आणि मग मोजमापहि खोटें पडतें. म्हणजे त्या माणसाचा विचार करणें हें येथें केवळ सौजन्य राहिलें नाहीं, तर तो शास्त्राच्या अचूकपणाचाच भाग झाला.

'रेडिओ-गोळी'ची गोष्टहि अशीच. औषधाच्या कॅप्सूलएवढ्या वेष्टणांत लहानसा प्रक्षेपक घालावयाचा; रोग्यानें ती गोळी गिळावयाची; आंतड्यांतून जातांना ती तेथील दाब, उष्णता किंवा आम्लता यांची बातमी बाहेरच्या ग्राहकाकडे धाडीत राहते. १९५७ च्या सुमारास स्वीडन व अमेरिका येथेंहि असे प्रयत्न झाले होते. इंग्लंडांत तें काम ज्यांनीं वाढविलें त्यांत वुल्फ प्रमुख होते. आतां विचार करा : ही गोळी यंत्रकार गिळीत नाहीं, रोगी गिळतो. आंत रेडिओ आहे असें सांगून ती कोणास गिळावयास लावावयाची, तर त्या माणसाला तीन गोष्टी सांगतां आल्या पाहिजेत : आंत काय आहे, तें काय करील, आणि बाहेर कसें येईल. हें सांगतां येत नसेल तर प्रयोगच थांबतो.

अशा मनुष्याला व्यासपीठ मिळालें यांत नवल नाहीं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ पासून नाताळाच्या सुटींत मुलांसाठीं व्याख्यानें होत आलीं आहेत. स्वतः फॅरेडे यांनीं तीं अनेक वर्षें दिलीं. १९७५ सालीं तीं वुल्फ यांनीं दिलीं. विषय होता शरीराच्या अंतर्भागांतून येणारे संकेत, म्हणजे त्यांचें स्वतःचें संशोधन. पुढें १९७९ ते १९८६ या काळांत बी. बी. सी.वर 'द ग्रेट एग रेस' नांवाचा त्यांचा कार्यक्रम गाजला. आरंभीं त्यांत स्पर्धकांनीं एवढेंच करावयाचें असे, कीं रबराच्या एका फितीच्या जोरावर चालणारी गाडी करून तींतून एक अंडें न फोडतां शक्य तितकें दूर न्यावयाचें. गळ्यांत बो, डोक्यावर विरळ केस, जर्मन ढंगाचें इंग्रजी व लहान मुलासारखा उत्साह, अशी ही मूर्ति आठवड्यामागून आठवडे घरोघर दिसूं लागली.

येथेंच आक्षेपकांस अवसर मिळतो, आणि त्यांचें म्हणणें नीट ऐकून घेणें न्यायाचें होईल. ते म्हणतात : एक तर यांत वेळ जातो, आणि शास्त्रज्ञाचा वेळ ही समाजाची ठेव आहे. दुसरें, लोकांना समजेल असें सांगतांना अचूकपणा गळतो. तिसरें, टाळ्यांची चटक लागते. आणि चौथें, जे आम्हांस सर्वांत वजनदार वाटतें : जो यंत्र करतो त्यानेंच तें लोकांस समजावून सांगावयाचें, तर तो शिक्षक राहील कीं विक्रेता होईल?

हे आक्षेप केवळ सामान्य लोकांचे नाहींत. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीं १९८० सालीं 'कॉसमॉस' ही मालिका करून विश्वाची कथा जगभर पोहोंचविली. १९९२ सालीं त्यांचें नांव अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढें सदस्यत्वासाठीं आलें तेव्हां तें नामंजूर झालें. आणि १९९४ सालीं त्याच अकादमीनें लोककल्याणाबद्दलचें आपलें पदक त्यांस अर्पण केलें. विद्वानांचें मन या बाबतींत कसें दुभंगलेलें आहे हें यावरून दिसतें. लोकांना सांगणें हें पुण्यकर्म खरें, पण तें विद्वत्तेच्या खात्यावर जमा धरावयाचें कीं नाहीं याविषयीं त्यांचा निश्चय होत नाहीं.

पहिल्या आक्षेपाला वुल्फ यांच्या चरित्रांतच उत्तर आहे. कार्यक्रम ऐन भरांत असतांना, १९८३ सालीं, त्यांनीं ब्रुनेल विद्यापीठांत जीव-अभियांत्रिकीची स्वतंत्र संस्था स्थापन केली. वेळ सर्वांनाच बेताचा असतो. तो बोलण्यांत गेला म्हणून काम बुडालेंच असें मानण्यास येथें तरी आधार नाहीं. दुसऱ्या आक्षेपाविषयीं इतकेंच म्हणावयाचें, कीं सोपें करणें व खोटें सांगणें या निराळ्या क्रिया आहेत. पुस्तिकेंत 'पंधरा सेंटिमीटर' असें लिहिलेलें होतें. त्या मुलीनें 'वीतभर' असें सांगितलें. अंतर बदललें नाहीं. मात्र वीत मामांच्या हातांत होती, आणि सेंटिमीटरची पट्टी कपाटांत.

तिसरा आक्षेप, टाळ्यांचा, आम्ही खोडून काढूं इच्छित नाहीं. टाळ्यांची चटक लागते हें खरें आहे, आणि लागलेली आम्हीं पाहिलीहि आहे. पण अंड्याच्या त्या शर्यतींत एक गोष्ट विचार करण्यासारखी होती. तेथें यंत्रें सर्वांच्या देखत फसत. गाडी जागची हालेना, चाक निखळलें, अंडें फुटलें, असें कांहीं ना कांहीं होई, आणि तें लाखों लोक पाहात. तयार झालेलें, पुसून लखलखीत केलेलें यंत्र दाखविणें सोपें असतें. परंतु यंत्र हें माणसानेंच केलेलें असून तें पहिल्या खेपेस बहुधा फसतें, मग सुधारतां येतें, ही गोष्ट घरीं बसलेल्या कुटुंबांस डोळ्यांनीं दाखविणें याला आम्ही करमणुकीहून अधिक कांहीं समजतों. ज्यानें यंत्राचें फसणें पाहिलें आहे तो यंत्राची पूजा करीत नाहीं आणि त्याला भीतहि नाहीं. तो प्रश्न विचारतो.

आतां चौथा आक्षेप. त्याचें गांभीर्य समजण्यास एक दुःखद हकीकत आठवावी लागेल. हृदयाची कृत्रिम झडप हें आधुनिक वैद्यकाचें एक मोठें वरदान. तिला वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक वेळां उघडावें व मिटावें लागतें. ब्योर्क-शायली या नांवाच्या झडपेचा एक नवा नमुना १९७९ सालीं बाजारांत आला व १९८६ सालीं मागें घेण्यांत आला. तेवढ्या अवधींत जगभर सुमारें ८६,००० माणसांच्या हृदयांत ती बसली होती. तिच्यांतील तबकडी धरून ठेवणारी धातूची बारीक तार कांहीं झडपांत तुटत असे. तुटली कीं तबकडी निसटे, आणि शेंकडों माणसें यामुळें दगावलीं. झडप मागें घेतली, पण जी हृदयांत बसली होती ती कशी मागें घ्यावयाची? बहुतेकांची झडप तुटणार नव्हती. ती काढण्याची शस्त्रक्रियाहि जिवावरची होती. आणि कोणाची तुटेल हें खात्रीनें सांगतां येत नव्हतें. त्या हजारों माणसांस काय सांगावयाचें, कसें सांगावयाचें, हा प्रश्न त्या वेळीं उभा राहिला. न सांगणें म्हणजे विश्वासघात. आणि नुसतें भय सांगून सोडून देणें म्हणजे क्रौर्य.

अशा वेळीं विक्रेता उपयोगाचा नसतो हें उघड आहे. परंतु यंत्रांतलें ज्याला कांहीं कळत नाहीं असा गोड बोलणारा मनुष्यहि उपयोगाचा नसतो. तार कोठें व कां तुटते, तुटण्याचा धोका कोणास अधिक, शस्त्रक्रियेचा धोका किती, हें ज्याला आंतून ठाऊक आहे आणि जो तें रोग्याच्या भाषेंत मांडूं शकतो, असाच मनुष्य तेथें हवा. म्हणून यंत्रकारानें बोलूं नये असा निष्कर्ष या हकीकतींतून निघत नाहीं. निघतो तो असा, कीं आपल्या यंत्राचे गुण सांगण्याचा अधिकार त्याला त्याचे दोष सांगितल्यावरच प्राप्त होतो. शिक्षक व विक्रेता यांतला भेद ओळखण्याची खूणहि हीच : कोणी यंत्राविषयीं बोलूं लागला, कीं तो त्याच्या मर्यादा न विचारतां सांगतो किंवा नाहीं, एवढें पाहावें.

ही कसोटी कोणी पाळली काय, असें वाचक विचारतील. आमच्याच देशांत थिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाळ संस्थेंत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं कृत्रिम झडप तयार झाली. परदेशी झडपेची किंमत आमच्या बहुसंख्य रोग्यांस परवडत नव्हती, हें त्या उद्योगाचें कारण. पहिले तीन नमुने एकामागून एक फसले. चौथा उतरला, आणि १९९० च्या डिसेंबरांत ती झडप प्रथम एका रोग्याच्या हृदयांत बसली. पुढें लाखाहून अधिक रोग्यांस ती लाभली. या झडपेचा इतिहास सांगतांना ते तीन फसलेले नमुने कधीं झांकून ठेवण्यांत आले नाहींत. यशाच्या कथेंत त्यांचा उल्लेख बरोबरीनें येतो. याच वलियाथन यांनीं उत्तरायुष्यांत चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांवर आधुनिक सुशिक्षितास वाचतां येतील असे ग्रंथ लिहिले. २०२४ सालीं ते निवर्तले. शस्त्रवैद्य, यंत्रकार व निरूपणकार हीं तीन नातीं एका आयुष्यांत सुखानें नांदूं शकतात याचा हा घरचाच पुरावा.

आणि रोग्याच्या बाजूनें पाहावयाचें तर आर्ने लार्सन यांचें उदाहरण आहे. १९५८ च्या ऑक्टोबरांत स्टॉकहोम येथें शस्त्रवैद्य सेनिंग यांनीं एल्मक्विस्ट नामक इंजिनियरानें बनविलेला पेसमेकर त्यांच्या शरीरांत बसविला. सबंध यंत्र शरीराच्या आंत बसविलेले ते पहिले रोगी. तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें! पुढें जन्मभर यंत्रें बदलीत बदलीत त्यांस वीसाहून अधिक यंत्रें लागलीं. २००१ सालीं ८६ वर्षांचे होऊन ते वारले, तेव्हां त्यांचा शस्त्रवैद्य व त्यांचा इंजिनियर हे दोघेहि त्यांच्या आधींच निघून गेले होते. लार्सन उतारवयांत पेसमेकरविषयीं लोकांत जाऊन बोलत. ज्याला यंत्र समजलें आहे असा रोगी स्वतःच दुसऱ्याला धीर देतो. आणि हें काम कोणत्याहि पुस्तिकेला त्याच्याइतकें साधणार नाहीं.

येथवर आल्यावर आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. प्रत्येक शास्त्रज्ञानें व्यासपीठावर चढावें असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला बोलण्याचें अंग नाहीं त्याला बोलावयास लावणें हा त्याच्यावर व श्रोत्यांवरहि अन्याय होय. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यानें आम्हांस तारे समजावून दिले तर तो त्याचा उपकार आहे. जयंत नारळीकर यांनीं आपल्या भाषेवर तो उपकार भरभरून केला, आणि २०२५ सालीं ते गेल्यावर कितीतरी घरांतून तो कृतज्ञतेनें आठविला गेला. परंतु तारा आमच्या संमतीची वाट पाहात नाहीं. आम्हांस तो कळो वा न कळो, तो आपल्या जागीं तळपत राहतो. शरीरांत बसणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. तें आमच्या संमतीनें आंत येतें, आणि न समजतां दिलेली संमति ही खरी संमति नव्हे. म्हणून तेथें समजावून सांगणें हा उपकार नसून देणें आहे. यंत्रकाराला स्वतः तें फेडतां येत नसेल तर त्यानें फेडणारा मनुष्य शोधावा, त्याला शिकवावें, आणि यंत्राच्या खर्चांत त्याचा खर्चहि धरावा. पण देणें नाकारूं नये.

आपल्या भाषेपुरतें पाहतां, या कामाची परंपरा आपल्याला नाहीं असें कोणी म्हणूं नये. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं 'दिग्दर्शन' मासिक काढलें. १९२८ सालीं पुण्यांत 'सृष्टिज्ञान' सुरू झालें. १९६६ सालीं मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. आज यंत्रेंहि येथें होऊं लागलीं आहेत; मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें २०१४ सालीं वैद्यकीय उपकरणें तयार करण्यासाठीं 'बेटिक' नांवाचें केंद्र निघालें. यंत्र करणारे हात आपल्याकडे आहेत, आणि शास्त्र मराठींत सांगणारी जीभहि आहे. या दोहोंची गांठ रोग्याच्या खाटेपाशीं पडली पाहिजे. मामांच्या हातीं पडलेली पुस्तिका इंग्रजीऐवजीं मराठींत असती, तर अर्धें काम झालें असतें. उरलेलें अर्धें करण्यास मनुष्यच लागतो.

वुल्फ यांच्या अखेरच्या वर्षांतील एक गोष्ट सांगून हा लेख आटोपतों. वृद्धांस व अपंगांस उपयोगी पडतील अशीं साधनें करण्यांत त्यांची बरीच वर्षें गेलीं होतीं. स्वतः ऐंशी ओलांडल्यावर मात्र त्यांनीं हातीं घेतलें तें एखादें नवें यंत्र नव्हे. तरुण व धडधाकट माणसांनीं आज वृद्धांची शुश्रूषा करावी, तिचे तास खात्यावर जमा व्हावे, आणि आपण वृद्ध झाल्यावर तितकी शुश्रूषा परत मिळावी, अशी एक योजना ते लोकांस पटवून देत होते. ती कितपत चालेल हा निराळा प्रश्न. १५ डिसेंबर २०१७ रोजीं, ८९ वर्षांचे असतां, त्यांचा अंत झाला. जन्मभर यंत्रें करणाऱ्या मनुष्यानें शेवटीं माणसाजवळ माणूस कसा बसवावा याचा विचार करीत जावें, हें आम्हांस त्यांच्या सबंध आयुष्याशीं सुसंगत वाटतें.

आमचे मामा आतां त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. पेसमेकरचें कार्ड पाकिटांत असतें. गेल्या महिन्यांत शेजारच्या एका गृहस्थांस तेंच यंत्र बसविलें, तेव्हां मामा काठी टेकीत त्यांच्याकडे गेले आणि पाऊण तास बसले. परत आल्यावर आम्हीं विचारलें, "मामा, एवढा वेळ काय बोललांत?" ते म्हणाले, "कांहीं नाहीं रे. त्यांचे पांच प्रश्न होते. चारांची उत्तरें मला येत होतीं. पांचवा त्या मुलीला विचारून सांगतों म्हटलें."